टेबलांना पाय नसलेलं चित्र: देगाच्या कॅफेतला भाव नेमका कुठून येतो?

1893 साली लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत एक फ्रेंच तैलचित्र, आज 'अ‍ॅबसिंथ' या नावाने ओळखलं जाणारं, टांगलं गेलं आणि वर्तमानपत्रांत जुंपली. चित्र नवं नव्हतं. एदगार देगाने ते 1875-76 मध्ये पॅरिसमध्ये रंगवलेलं. कॅफेत शेजारीशेजारी बसलेली एक बाई आणि एक पुरुष, बाईपुढे अ‍ॅबसिंथचा (ही एक कडक, हिरवट दारू) पेला, बस्स. ग्राफ्टनच्या आदल्याच वर्षी ख्रिस्टीजच्या लिलावात हे चित्र पुढे आणलं तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती. आता समीक्षकांची पाळी होती. जॉर्ज मूर हा खरं तर देगाचा चाहता. त्याने बाईला सरळ शिवी हासडली आणि लिहिलं, की आळसात आणि हीन व्यसनात गेलेलं हिचं सगळं आयुष्य चेहऱ्यावर वाचता येतं. गोष्ट सुखाची नाही, पण धडा आहे. विल्यम ब्लेक रिचमंड या चित्रकाराने त्याहून पुढची मजल मारली. त्याच्या मते हे चित्रच नव्हतं, दारूविरुद्धचा प्रबंध होता. उलट डी. एस. मॅकॉल या समीक्षकाला ते पुन्हा पुन्हा ओढून नेणारं, कधी न संपणारं चित्र वाटलं.

हे प्रकरण मी निवडलं ते त्या वादाच्या गमतीसाठी नाही. चित्र एकच, त्यातला भाव जड आहे हेही सगळ्यांना मान्य, पण तो भाव चित्रातल्या कोणत्या गोष्टीतून येतो यावर एकमत नाही. मनुष्याकृतीचं चित्र पाहताना आपण हटकून चेहऱ्याकडे जातो, चेहऱ्यावरून गोष्ट रचतो आणि त्या गोष्टीला चित्राचा अर्थ म्हणतो. मूरने हेच केलं. माझं म्हणणं असं, की या चित्रातला भाव सगळ्यात कमी कुठे असेल तर तो चेहऱ्यात आहे. तो मांडणीत आहे, आणि मांडणी झाकून-उघडून पाहिली की ते बोट ठेवून दाखवता येतं.

आधी समोर काय आहे ते पाहू. कॅनव्हास उभा, सुमारे 92 सेंमी उंच आणि 68 सेंमी रुंद. आज तो पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. बाई मध्यापासून उजवीकडे सरकलेली. खांदे पडलेले, हात टेबलाखाली गेलेले, नजर खाली आणि कुठेच नाही. डोक्यावर हॅट, अंगावर फिका झगा, पाय पुढे टाकलेले. तिच्या शेजारी, पार उजव्या कडेला, दाढीवाला पुरुष. हॅट मागे सरकवलेली, तोंडात पाइप, कोपर टेबलावर, आणि तो बघतोय चित्राच्या बाहेर, उजवीकडे. चौकटीने त्याच्या हाताचा आणि पाइपचा तुकडा कापून टाकला आहे. तिच्यापुढे दुधाळ हिरवट पेला, त्याच्यापुढे तपकिरी पेयाचा ग्लास. बाजूच्या टेबलावर काचेची सुरई. दोघांच्या मागे आरसा, त्यात त्यांच्या डोक्यांच्या काळपट सावल्या. आणि सगळ्यात पुढे, डाव्या-खालच्या कोपऱ्यात, एक रिकामं संगमरवरी टेबल. त्यावर आगकाड्या ठेवण्याचं भांडं, आणि तिथून पुढच्या टेबलापर्यंत आडवं टाकलेलं, दांडीला लावलेलं कॅफेचं वर्तमानपत्र.

आता चेहरा. छापील प्रत नाकाजवळ धरा किंवा पडद्यावर मोठी करा. चेहऱ्यावर देगाने फार काही लिहिलेलंच नाही. पापण्या जड, तोंड किंचित ओढलेलं, रंगाचे पातळ थर, कडा पुसट. रडणं नाही, नशेत बरळणं नाही, कपाळावर आठी नाही. चेहरा कापून वेगळा ठेवला तर ही बाई झोप न झालेली, कंटाळलेली, कुणाची वाट पाहणारी किंवा दुपारी जेवून सुस्तावलेली, यांपैकी कुणीही असू शकते. व्यसनात गेलेलं आयुष्य तिथे वाचायचं तर ते आधी घरून घेऊन यावं लागतं.

मग जडपणा येतो कुठून? एक साधा उद्योग करून पाहा. कागदाची एक पट्टी घ्या आणि चित्राचा खालचा डावा भाग, म्हणजे ते रिकामं टेबल आणि वर्तमानपत्र, झाकून टाका. उरतं ते नेहमीचं कॅफेचित्र: दोन माणसं, दोन ग्लास, मागे भिंत. उदास वाटेल, पण ऐकीव उदास. पट्टी काढली की चित्र एकदम बदलतं. आपण आत्ता त्या पुढच्या टेबलापाशी बसलो आहोत, थोडे तिरके आणि थोडे उंचावरून बघत आहोत, हे अंगाला जाणवतं. वर्तमानपत्र आपल्यासमोर पडलंय. आणि आपल्यापासून त्या बाईपर्यंत जायला सरळ वाट नाही. टेबलाची कड आधी उजवीकडे वर चढते, मग वर्तमानपत्राची दांडी पुलासारखी दोन टेबलं जोडते, मग दुसरी कड मोडून पलीकडे वळते, आणि या नागमोडी वाटेने फिरत फिरत नजर पेल्याशी आणि मग तिच्याशी पोचते. चित्राचा मोठा भाग देगाने अशा रिकाम्या, थंड दगडी पाट्यांना दिला आहे. माणसांचं चित्र काढायचं आणि पुढची हक्काची जागा रिकाम्या टेबलांना द्यायची, हा निर्णय सहज झालेला नाही. बाई आपल्यापासून लांब आहे ही गोष्ट चित्र तिच्या डोळ्यांतून सांगत नाही. टेबलं मध्ये आडवी घालून सांगतं.

शिवाय सगळा भार एकाच बाजूला. दोन्ही माणसं, दोन्ही हॅट, दोन्ही ग्लास आणि मागच्या सावल्या उजव्या-वरच्या भागात कोंबलेल्या. डावा-खालचा भाग फिका आणि मोकळा. पारड्यात सगळं वजन एका अंगाला पडावं तसं. डोळा सारखा तोल सावरायला डावीकडे जातो, तिथे धरायला काही सापडत नाही, आणि परत येतो. या ये-जा करण्यातच ती थकलेली अवस्था आहे. बाईचे खांदे उतरते आहेत, टेबलाच्या कडा उतरत्या आहेत, आणि दोन्ही उतार एकमेकांना साथ देतात. तिला कुणी ढकललेलं नाही, पण ती घसरत चाललीय असं वाटत राहतं.

आणि टेबलांना पाय नाहीत. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा हसूच येतं. एकाही टेबलाला नाहीत. संगमरवरी पाट्या नुसत्या हवेत तरंगतायत, खाली बाईचा झगा आणि पाऊल दिसतं, पण टेबल पेलणारी दांडी कुठेच नाही. देगाची नजरचूक म्हणायला मी तयार नाही. हा माणूस जागेवर बसून झरझर चितारणारा नव्हता. हे चित्रसुद्धा कॅफेत नाही, चित्रशाळेत मॉडेल बसवून केलेलं आहे, आणि आपल्या कलेत उत्स्फूर्त असं काहीच नसतं हे तो स्वतः ठासून सांगायचा. तेव्हा मनातल्या मनात ते पाय रंगवून बघा. काळ्या लोखंडी उभ्या रेघा झग्याच्या फिक्या भागावर येतील, टेबलं जमिनीत घट्ट रोवली जातील, आणि बाईलाही बसायला ठाम जागा मिळेल. देगाला नेमकं हेच नको होतं. आधार काढून घेतल्यावर उरतात त्या नुसत्या सरकत्या पाट्या आणि त्यांच्यामागे अडकलेली दोन माणसं. पहिल्या नजरेत पाय नसल्याचं लक्षात येत नाही, पण काहीतरी डळमळीत आहे हे मात्र लगेच जाणवतं.

इथे थोडं विषयांतर. या कापलेल्या कडा आणि तिरका कोन पाहून 'फोटोसारखं' म्हणायची पद्धत आहे. पण पटकन हातात धरून टिपण्याचा कोडॅक कॅमेरा 1888 मध्ये आला. चित्र त्याच्या बारा वर्षं आधीचं. या मांडणीमागे जपानी ठशांच्या चित्रांचा हात मला जास्त दिसतो. होकुसाई, उतामारो, हिरोशिगे यांची चित्रं देगा जमवायचा, आणि त्यांत माणसं अशीच कडेला ढकललेली, चौकटीने कापलेली, पुढे मोठी सपाट जागा सोडलेली असतात. फोटो म्हटलं की आपण समजतो, हे जसं होतं तसं टिपलंय. इथे उलट आहे. प्रत्येक गोष्ट ठरवून बसवलेली आहे.

रंगांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण देगाने मुद्दामच फार रंग वापरले नाहीत: तपकिरी, मळका पिवळा, राखाडी, काळा. पण आरशापाशी थांबायला हवं. त्यात दिसणाऱ्या दोघांच्या सावल्या गडद आहेत आणि भोवतालचा भाग उजळ. म्हणजे आरशात समोरच्या खिडकीचा किंवा पडद्याचा उजेड पडलाय आणि त्यावर यांच्या डोक्यांच्या मागच्या बाजू काळ्या उमटल्यायत. उजेड दिव्यांचा पिवळा नाही, फिका आहे. ही रात्रीची मैफल नसून दिवसाची, बहुधा सकाळची वेळ असावी. पुरुषापुढचं तपकिरी पेय माझग्रां असावं असं सांगतात, म्हणजे ग्लासात दिलेली थंड कॉफी, रात्रीच्या दारूनंतर डोकं ताळ्यावर आणायला घेतात ती. तसं असेल तर चित्र नशेचं नाही, नशा उतरल्यानंतरच्या वेळेचं आहे. निदान त्याच्या बाजूने तरी.

या पुरुषाकडे लोक पुरेसं बघत नाहीत. त्याला तिचं काही सोयरसुतक नाही, असं म्हणून त्याला खलनायक करून टाकतात. पुन्हा पट्टी घ्या आणि आता त्याला झाका. उरते एकटी बाई, एकटा पेला, आणि मूरचा धडा तयार. रिचमंडचा प्रबंध इथेच सापडतो. पट्टी काढा, तो परत येतो, आणि प्रबंध बारगळतो. कारण तोही तितकाच जड बसलाय. दोघांची डोकी जवळजवळ एका उंचीवर आहेत, मागे आरशात दोघांच्या सावल्यांचं वजन सारखंच आहे. तो बाहेर बघतोय, ती खाली बघतेय, भांडण नाही, जवळीक नाही, हात लांबवला तर लागेल इतकं अंतर. ही दोघं एकत्र आलीयत की नुसती एका बाकावर बसलीयत, हे चित्र शेवटपर्यंत सांगत नाही. मला वाटतं चित्राचा खरा ताण इथे आहे. एकट्या बाईचं दुःख आपल्याला कळतं, त्याला नाव देता येतं. शेजारी माणूस असून काहीच न घडणं, याला नाव सापडत नाही.

'आधुनिक माणसाचं एकाकीपण' हे बिरूद मात्र मी या चित्राला लावणार नाही. ते प्रत्येक कॅफेचित्राला चिकटवता येतं, म्हणून कुठल्याच चित्राबद्दल काही सांगत नाही. या चित्रात एकाकीपणापेक्षा जडपणा आहे, वजन आहे. बाईला कुणाची उणीव भासतेय असं काही दिसत नाही. तिला उठवत नाहीये, एवढंच दिसतं.

माझा मुद्दा तपासायला एक चांगली सोय आहे. ही बाई खरी कोण ते आपल्याला माहीत आहे. एलेन आंद्रे, नटी. पुरुष म्हणजे मार्सेलँ देबुताँ, चित्रकार आणि उत्कीर्णनकार (पाट्यांवर कोरून छापचित्रं करणारा), पिगाल चौकातल्या नूव्हेल अतेन कॅफेतल्या चित्रकारांच्या अड्ड्यातला. दोघं देगाच्या ओळखीची. चित्रावरून इतकं बोललं गेलं, की ही दोघं दारुडी नाहीत हे देगाला जाहीरपणे सांगावं लागलं. आता हीच आंद्रे इतरांच्या चित्रांतही आहे. रन्वारच्या 1880-81 मधल्या नौकाविहारानंतरच्या जेवणाच्या चित्रात ग्लास ओठाला लावून पिणारी बाई ती, असं मानतात. तिथे ती माणसांच्या घोळक्यात मधोमध, वर चांदवा, समोर फळं आणि बाटल्या, सगळीकडे कुणी ना कुणी कुणाकडे तरी झुकलेलं. ग्लास तोच, दारू आहेच, पण भाव उत्सवाचा.

त्याहून जवळची तुलना एदुआर माने या चित्रकाराच्या चित्राची. 1877 च्या सुमारास त्याने कॅफेत बसलेली एक बाई रंगवली. पुढ्यात दारूत भिजवलेला आलुबुखारा, बोटांत न पेटवलेली सिगारेट. चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे, आणि मॉडेल आंद्रेच असावी असं समजलं जातं. तीही एकटी, तीही हरवलेली, तिच्याही पुढे संगमरवरी टेबल. पण मानेने टेबल चौकटीच्या खालच्या कडेला समांतर ठेवलं. बाई मधोमध आली, मागच्या चौकटींनी तिच्याभोवती घर केलं, गुलाबी झगा उजळला, गाल हातावर टेकला. हात टेकला हे महत्त्वाचं, कारण तिथे आधार आहे. तिला आपण 'विचारात गढलेली' म्हणतो. चेहऱ्याचा भाव दोन्हीकडे फारसा वेगळा नाही. मानेच्या बाईला टेबल आपल्या जवळ आणतं, देगाच्या बाईला लांब नेतं. चेहराच सगळं ठरवत असता तर या दोन चित्रांचा मूड इतका वेगळा व्हायचं कारण नव्हतं.

आता नावाचं. 1876 मध्ये चित्र इंग्लंडमध्ये ब्रायटनला दाखवलं गेलं ते कॅफेतलं रेखाटन अशा अर्थाच्या साध्या नावाने. तिथल्या हेन्री हिल या संग्राहकाने ते घेतलं होतं. 1892 च्या लिलावातही नाव कॅफेतल्या माणसांचंच. ग्राफ्टनमध्ये मात्र ते 'अ‍ॅबसिंथ' म्हणून टांगलं गेलं. पाटीवर पेयाचं नाव आलं आणि पेला चित्राचा नायक झाला. त्यात मधल्या वर्षांनी भर घातली. द्राक्षवेलींवरच्या फिलोक्सेरा किडीने फ्रान्समधली वाइन महागली आणि अ‍ॅबसिंथ घरोघर पोचलं. मग त्याच्याविरुद्ध आरडाओरडा सुरू झाला आणि 1915 मध्ये फ्रान्सने त्यावर बंदीच घातली. 1876 च्या पॅरिसमध्ये कॅफेतला तो पेला नेहमीचा होता. 1893 च्या लंडनमध्ये तो परक्या, बिघडलेल्या शहराचा पुरावा ठरला. त्याच वर्षी इझाक द कामोंदो या पॅरिसच्या संग्राहकाने चित्र विकत घेतलं, आणि 1911 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते फ्रान्सच्या सरकारी संग्रहात गेलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. पेला बिनमहत्त्वाचा असता तर देगाने तो काढलाच कशाला? कॉफीचा कप चालला असता. मान्य. पण पेला कुठे ठेवलाय ते बघा. अ‍ॅबसिंथमध्ये पाणी घातलं की त्यातलं बडीशेपेसारख्या वनस्पतींचं तेल पाण्यात विरघळत नाही आणि पेय गढूळ, दुधाळ होतं. देगाने तो क्षण निवडला. पाणी घालून झालंय, पेय पांढरट हिरवं झालंय, सुरई बाजूला ठेवलीय. पण ती पीत नाही. रन्वारच्या आंद्रेसारखा ग्लास ओठाला नाही, हात टेबलावरही नाहीत. म्हणजे पिण्याची कृती चित्रात घडतच नाही. तयारी झालीय आणि माणूस थांबलाय. शिवाय या मातकट चित्रात तो दुधाळ ठिपका बाईच्या चेहऱ्याखाली, टेबलांची नागमोडी वाट जिथे संपते तिथेच बसवलाय. नजर इतका वळसा घालून येते ती बाईपाशी न पोचता आधी पेल्यावर अडते. तो तिच्या आणि आपल्या मधला शेवटचा अडसर आहे. मूर तिथवर बरोबर पोचला होता. त्याने पेला पाहिला, पेल्यावरून चेहरा वाचला, आणि अलीकडची टेबलं मात्र त्याच्या लेखी नुसतं फर्निचर राहिली.